गावाच्या भिंतीवर गावाचे चित्र : काम, मोबदला आणि नंतरची निगा

जांभादगडी

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या गावांमध्ये भित्तिचित्रे आणि उठावशिल्पे करणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. शाळेची कुंपणभिंत, एस. टी.चा थांबा, मासळी बाजाराची शेड, जेटीकडे उतरणाऱ्या पाखाडीलगतची भिंत अशा जागा माझ्या वाट्याला येतात. अलीकडे सुशोभीकरणाच्या निमित्ताने आपल्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच भिंती रंगू लागल्या आहेत आणि कला महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मुलेमुली या कामाकडे वळत आहेत. हे काम प्रत्यक्षात कसे चालते, त्याचे पैसे कसे मिळतात आणि कुठे अडतात, यावर मोकळेपणाने बोलता यावे म्हणून हा धागा काढते आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. लोकांच्या सहभागातून होणाऱ्या कलेतले निम्म्याहून अधिक काम रंगाचा डबा उघडण्याच्या आधी आणि तो बंद केल्याच्या नंतर असते, आणि आपल्याकडच्या अंदाजपत्रकांत नेमक्या त्याच दोन भागांसाठी रकाना नसतो.

आपल्याकडे दर ठरतो तो चौरस फुटावर. भिंत किती लांब, किती उंच, गुणाकार करा आणि आकडा लिहा. या हिशेबात एखाद्या संकेतस्थळावरून उचललेला मोर आणि त्या वाडीतल्या माणसांशी दोन महिने बोलून उभे राहिलेले चित्र यांची किंमत एकच होते. त्यामुळे जो चित्रकार बोलायला थांबत नाही त्याला काम परवडते, आणि जो थांबतो त्याच्या पदरचे जातात. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष आहे असे मी म्हणत नाही, कारण मोजता येते तेवढेच देयकात मांडता येते. पण मग मोजता येईल अशा रीतीने हे काम मांडायला आपणच शिकले पाहिजे.

बोलणे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. एका किनाऱ्यावर गाबीत या मच्छीमार समाजाच्या वाड्यातल्या भिंतीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून दोरांनी ओढायचे मोठे जाळे, दाखवायचे ठरले. मी कच्चे रेखाटन वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर मोठ्या आकारात काढून रापणकरांच्या मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या झोपडीत, चिकटवले, खाली कोळशाच्या कांड्या ठेवल्या आणि ज्याला जे वाटेल ते त्यावर काढावे असे सांगून ठेवले. सुरुवातीला कोणी हात लावला नाही. नंतर एका वयस्कर रापणकराने दोर ओढणाऱ्यांची पावले बदलली. ओढणारा समुद्राकडे तोंड करून मागे मागे सरकतो, अंगाचा सगळा भार कमरेतून मागे टाकतो आणि टाच वाळूत रुतवतो, हे त्याने आधी स्वतः करून दाखवले आणि मग कोळशाने काढले. बायकांचा आग्रह वेगळाच होता. जाळे किनाऱ्याला लागल्यावर वाळूवर मासळीचे वाटे पडतात, ते चित्रात हवेत, असे त्यांचे म्हणणे. दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, हाच त्यांच्या मते रापणीचा गाभा होता. जाळे आणि समुद्र कोणीही काढील, वाटे काढले तरच ते आमचे चित्र, असे एकीने स्पष्ट सांगितले. शेवटी भिंतीच्या मधोमध वाटे आले आणि समुद्र वर एका पट्टीत गेला. एवढे होण्यासाठी त्या मांगरात किती तरी संध्याकाळी बसावे लागले, आणि कार्यारंभ आदेशात त्यांचा उल्लेख कुठेच नव्हता.

आपल्या कामाचे वर्षही किनाराच ठरवतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या, म्हणजे झाकून ठेवलेल्या असतात आणि माणसे घरी भेटतात, पण त्याच दिवसांत भिंती निथळत असतात. भिंत कोरडी होऊन रंग घ्यायला लागते ती दिवाळीच्या सुमारास, आणि तोवर सगळे समुद्रावर गेलेले असतात. म्हणून मी पावसात बोलते आणि रेखाटते, आणि हिवाळ्यात रंगवते. शिमग्याला आणि मे महिन्यात चाकरमानी येतात, तेव्हा काम अर्ध्यावर असेल तर त्यांचेही ऐकून घ्यावे लागते, आणि ते घ्यावेच, कारण गाव त्यांचेही आहे. मात्र ज्याने निधी दिला त्याला ३१ मार्चच्या आत देयक हवे असते. ही दोन पंचांगे जुळवणे हीच माझ्या व्यवसायातली मोठी कसरत आहे.

आणखी एक मुद्दा शैलीचा. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा गाण्याची कला, आज पुष्कळांना भिंतीवर हवी असते. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाल्यानंतर ही कला अनेकांच्या नजरेत आली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण चित्रकथीची चित्रे पोथीच्या क्रमाने ठेवलेली असतात आणि वाद्यांच्या साथीने कथा गात एकेक पुढे करायची असतात. त्यातली एखादी आकृती उचलून बसथांब्यावर दहापट मोठी करणे मला पटत नाही. असे काम आले तर मी पिंगुळीच्या कलाकारांना सोबत घेते, त्यांचे मानधन वेगळे मांडते आणि आकृती त्यांच्या हातची ठेवते. ते शक्य नसेल तर दुसरा विषय सुचवते.

या व्यवसायातल्या मंडळींनी आणि ज्यांच्या गावांत अशी कामे झाली आहेत त्यांनी लिहावे. करार कसा करता, निगा कोण राखतो, आणि वाद झाला तर काय करता, हे मला विशेषकरून जाणून घ्यायचे आहे.

शाडूचा_गोळा

ताई, चांगला विषय काढलात. आमची वेंगुर्ल्याकडे गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याचा कारखाना, आहे, त्यामुळे तुमचे चौरस फुटाचे दुखणे आम्हाला इंचाच्या रूपात ठाऊक आहे.

आमच्याकडे अजूनही बरीच घरे आपला पाट शाळेत आणून देतात आणि मूर्ती त्या पाटावरच घडते. कोणत्या घराचा गणपती कसा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. एका घराला सिंहासनावर हवा, दुसऱ्याकडे नागाच्या फण्याखाली, तिसऱ्या घराचा रंग विशिष्ट शेंदरीच हवा. आमचे वडील पाट पाहून घर ओळखत असत. लोकांच्या सांगण्यातून घडणारी कला आपल्याला नव्याने शिकायला हवी असे मला वाटत नाही. ती पद्धत आपल्याकडे चालत आलेली आहे, आणि तिच्यात बोलण्याचा वेळ किमतीत धरलेलाच असतो, कारण पाट ठेवायला आलेला माणूस घटकाभर बसतो, मागच्या वर्षी सोंड कुठे कमी पडली ते सांगतो आणि मग विसार देतो.

अडचण अशी आहे की घराचा गणपती एका घराचा असतो आणि भिंत साऱ्या गावाची. पाट आणून देणारा एक माणूस तिथे नसतो. म्हणून माझी सूचना अशी की भिंतीच्या कामातही गावाने आपल्यातली पाचसहा माणसे नेमून द्यावीत, त्यांत निदान निम्म्या बायका असाव्यात, आणि चित्रकाराने त्यांच्याशीच अंतिम बोलणी करावीत. नाही तर येणारा जाणारा प्रत्येक जण रंग बदलायला सांगतो आणि चित्रकाराला कोणालाच नाही म्हणता येत नाही.

उत्पन्नाचेही एक सांगतो. आमच्या शाळेत पावसाळ्यात काम करणारी काही मुले हिवाळ्यात भित्तिचित्रांवर जातात. या दोन्ही हंगामांची सांगड बसली तरच कोकणात राहून कलेवर घर चालते, अन्यथा मुंबई आहेच.

खाडीकाठ

मी हर्णै परिसरातली. आई मासळी विकते, मी शिक्षिका आहे. ज्यांची चित्रे काढली जातात त्यांच्या बाजूने थोडे लिहिते.

किनाऱ्यावरच्या बहुतेक भिंतींवर मला एकच बाई दिसते. तिच्या डोक्यावर टोपली असते, नाकात नथ असते आणि ती हसत असते. माझी आई लिलावाच्या वेळी हसत नाही. तिचे सगळे लक्ष बोलीवर असते, कारण भाव दोन आकड्यांनी चढला तर त्या दिवशीचा नफा गेला. तिच्या हातावर सुरीचे आणि काट्यांचे वण आहेत, पायांत रबरी बूट असतात आणि शेजारी बर्फाचा खोका असतो. ही बाई भिंतीवर का येत नाही? सुंदर दिसावे म्हणून आम्हाला शंभर वर्षे मागे नेऊन ठेवतात, आणि मग आमच्या आजच्या मागण्या, म्हणजे बर्फ, डिझेल, जेटी, बसायला सावली आणि बायकांसाठी स्वच्छतागृह, त्या चित्राशी विसंगत वाटू लागतात.

दुसरे असे की मच्छीमार म्हटले की सरसकट कोळी असे धरले जाते. रायगडात कोळी आहेत, रत्नागिरीत खारवी आहेत, भोई आहेत, दालदी मुसलमान आहेत, आणि सिंधुदुर्गात गाबीत आहेत. पेहराव वेगळा, बोली वेगळी, होडीसुद्धा वेगळी. मालवणकडे उलांडी, म्हणजे तोल राखायला बाजूला जोडलेले लाकूड, लावलेली होडी दिसते, ती आमच्या बंदरातल्या भिंतीवर काढली तर आमच्या मुलांना ती कोणाची आहे हेच कळणार नाही. एका बंदरातल्या भिंतीवर दालदी कुटुंबांचे एकही चिन्ह नव्हते, आणि त्यांच्यापैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला शांतपणे विचारले होते की बाई, आमची बोट या पाण्यात नाही का? या प्रश्नाचे उत्तर चित्रकाराने आणि गावाने मिळून द्यायचे असते.

चांगले उदाहरणही सांगते. मुंबईत ससून डॉकवर २०१७ च्या अखेरीस मोठा सार्वजनिक कलाप्रकल्प झाला होता. तिथे गोदीत राबणाऱ्या माणसांचे आणि कोळी बायकांचे चेहरे, आहेत तसे, भल्यामोठ्या आकारात भिंतींवर लागले होते. स्वतःचा चेहरा एवढा मोठा पाहणाऱ्या माणसाला काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. जांभादगडी ताईंनी सांगितलेले वाटे वाचूनही मला तसेच वाटले. कामाचे वर्णन त्या कामातल्या माणसांकडून आले की ते लगेच ओळखू येते.

लोखंड_आणि_मीठ

मी स्थापत्य अभियंता आहे. कलेबद्दल बोलण्याचा अधिकार मला नाही, पण किनाऱ्यावर ती किती टिकते याबद्दल लिहितो, कारण निगेचा प्रश्न बराचसा इथेच सुटतो किंवा अडतो.

जांभा सच्छिद्र दगड आहे. पावसाळाभर तो पाणी पितो, आणि पाऊस ओसरल्यावर ते पाणी बाहेर येताना क्षार पृष्ठभागाशी आणून सोडते. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी आणि त्यावर जाड पापुद्रा धरणारा रंग लावला की आतल्या ओलीला वाट राहत नाही, आणि एकदोन पावसाळ्यांत चित्र पापुद्र्यांनी सुटते. दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो, पण भिंत मुळात श्वास कोंडून मारलेली असते. जुन्या जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्यात चालणारे खनिज रंग द्यावेत. गेरू, पिवळी माती, काजळी आणि कपड्यांची नीळ म्हणून आपल्याला ठाऊक असलेला अल्ट्रामरीन हे चुन्यात टिकतात. प्रशियन निळा मात्र चुन्यात तग धरत नाही. रंगांची पेटी त्यामुळे लहान होते हे मान्य, पण जे राहते ते राहते.

भिंत निवडताना दिशा पाहा. आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना लोक झावळ्यांचे आडोसे बांधत आले आहेत ते त्यासाठीच. शक्य असेल तर पूर्वेची किंवा उत्तरेची, पुढे आलेल्या वळचणीखालची भिंत घ्या. तळाकडचा दोन फुटांचा पट्टा चित्रातून वगळा, कारण पागोळीचे पाणी जमिनीवर आपटून तिथे चिखल उडतो आणि शेवाळ धरते. तिथे साधा काळा दगड किंवा फरशी लावलेली बरी.

शिल्पाचे गणित अधिक कडक आहे. साधे लोखंड गंजते तेव्हा मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापते आणि भोवतीचे काँक्रीट आतून फोडते. स्टेनलेस स्टील वापरतो म्हणून निश्चिंत राहू नका. बाजारात सहज मिळणारा ३०४ दर्जा खाऱ्या हवेत डागाळतो आणि त्याला खड्डे पडतात. ३१६ दर्जात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे तो अधिक तग धरतो, पण त्यालाही अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावे लागते. कांस्य किंवा तांबे थेट लोखंडाला जोडले तर खाऱ्या ओलीत लोखंड झपाट्याने जाते. फायबर हलके आणि स्वस्त पडते, मात्र उन्हाने वरचा थर झिजला की आतले धागे उघडे पडतात, आणि आतला सांगाडा लोखंडाचा असेल तर तो कोणाच्या नजरेस न येता गंजत राहतो.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, पहिल्याच पावसाळ्यात, तो कोसळला. त्यानंतर गंजलेल्या नटबोल्टांची चर्चा राज्यभर झाली. त्या घटनेने सगळ्यांच्या मनाला जी वेदना झाली ती मी इथे पुन्हा मांडत नाही. एवढेच म्हणतो की किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शिल्पाच्या कागदपत्रांत सांधा, वेल्डिंग आणि पायाचे आरेखन यांवर जबाबदार अभियंत्याची सही असावी, आणि वर्षातून एकदा पावसाळ्यापूर्वी तपासणीची तारीख लिहिलेली असावी. अभियंत्याचे शुल्क कलाकाराच्या मानधनातून जाऊ नये, ते अंदाजपत्रकात वेगळे धरावे.

माजी_ग्रामसेवक

कागदाच्या बाजूने चार गोष्टी सांगतो. नोकरीत असताना अशा कामांची देयके माझ्या हातून गेली आहेत.

ग्रामपंचायतीच्या निधीतून काम हवे असेल तर ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात आले पाहिजे. आराखड्यात नसलेल्या कामासाठी कितीही चांगले चित्र घेऊन आलात तरी सरपंचांचा नाइलाज असतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे विषय प्रथम मांडावा, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. महिला सभेत ज्याला पाठिंबा मिळतो तो विषय ग्रामसभेत सहसा पडत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतील जी संख्या कमी असेल ती, अशी आहे. गणपूर्ती नसलेल्या सभेतल्या ठरावावर विसंबून काम सुरू करू नये, कारण पुढे कोणी तक्रार केली तर चित्रकार उघड्यावर पडतो.

ऐकण्याच्या कामाचे पैसे कसे दाखवावेत, हा मूळ प्रश्न आहे. तो सुटतो. अंदाजपत्रकात एकच ओळ लिहू नका. संकल्पना व लोकसंवाद, रेखाटन व नमुना, पृष्ठभागाची तयारी, प्रत्यक्ष चित्रण, आणि पुढील काळातील देखभाल अशा बाबी वेगळ्या करा, आणि प्रत्येक बाब पूर्ण झाल्याचा पुरावा काय असेल ते लिहा. लोकसंवादाचा पुरावा म्हणजे बैठकीचे इतिवृत्त, उपस्थितांच्या सह्या आणि रेखाटनाची छायाचित्रे. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेले काम मोजून लिहायच्या वहीत, नोंद करणाऱ्याला हातात धरायला कागद लागतो, तो दिला की तोही अडवत नाही. करकपातीचेही आधी ठरवून घ्या. कंत्राटी काम म्हणून धरले तर व्यक्तीच्या देयकातून १ टक्का कापला जातो, व्यावसायिक सेवा म्हणून धरले तर १० टक्के. कापलेली रक्कम विवरणपत्र भरून समायोजित करता येते, परंतु हातातली रोकड मात्र त्या महिन्यात कमी पडते.

जागेबाबत सावध राहावे. समुद्राजवळ नवे बांधकाम असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांसारख्या केंद्र संरक्षित किल्ल्यांच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. थोर व्यक्तीचा पुतळा असेल तर शासनाची वेगळी परवानगीप्रक्रिया आहे आणि त्यात कला संचालनालयाची मान्यता लागते. असलेल्या भिंतीवरच्या चित्राला यातले बहुतेक काही लागत नाही, फक्त भिंतीच्या मालकाची लेखी संमती घ्या. शाळेची भिंत ग्रामपंचायतीची आहे असे सगळे धरून चालतात, पण पुष्कळदा ती जिल्हा परिषदेची निघते.

जांभादगडी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके नेमके प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते.

ग्रामसेवक काका, बाबी वेगळ्या करण्याची तुमची सूचना मला फार मोलाची वाटते. मी आजवर लोकसंवाद हा शब्द अर्जात लिहीत होते, पण त्याला स्वतंत्र रक्कम आणि पुरावा जोडला तर तो टिकेल, हे तुमच्या अनुभवावरून पटले.

खाडीकाठ, तुमच्या आईंचे रबरी बूट आणि बर्फाचा खोका यांविषयी वाचून मी बराच वेळ विचार करत होते. आजचे जगणे भिंतीवर आणायला निधी देणाऱ्यांची ना असते, हा माझाही अनुभव आहे. पर्यटकांना आवडेल असे हवे, असे सांगितले जाते. एका ठिकाणी तर मंजूर रेखाटनातला डिझेलचा पिंप शेवटच्या क्षणी काढायला लावला गेला. अशा वेळी एकटा चित्रकार तग धरू शकत नाही. शाडूचा_गोळा यांनी सुचवलेली गावाची समिती असेल तर तीच सांगू शकते की पिंप राहील.

निगेच्या संदर्भात एक परदेशी उदाहरण देते, कारण ते मला मार्गदर्शक वाटते. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरातील एका पूरनियंत्रण कालव्याच्या भिंतीवर जूडी बाका या चित्रकर्तीने १९७६ पासून त्या भागातल्या वेगवेगळ्या समाजांचा इतिहास चित्रित करायला घेतला. ही भिंत सुमारे ८४० मीटर लांब आहे आणि ती रंगवण्यात चारशेहून अधिक तरुण मुलेमुली सहभागी झाली. त्या मुलांना कामाचे वेतन दिले गेले. त्याच सुमारास तिने या कामामागे एक संस्था उभी केली, ती संस्था टिकली, आणि २०११ साली त्या भिंतीची डागडुजी पूर्ण झाली. पस्तीस वर्षांनी कोणी तरी शिडी लावून वर चढले, कारण ती जबाबदारी कोणाची आहे हे ठरलेले होते. आपल्या गावांत हे शक्य नाही असे मला वाटत नाही. देवळाचे मानकरी, पालखीची व्यवस्था, रापणीचे संघ ही सारी पिढ्यान्‌पिढ्या जबाबदारी वाहणारी माणसेच आहेत. मी आता करारात देखभालीची रक्कम वेगळी धरून ती गावातल्या महिला बचत गटाच्या खात्यावर ठेवावी असे सुचवते. दर दिवाळीनंतर शेवाळ काढणे, सुटलेला भाग मला कळवणे आणि तळाचा पट्टा चुन्याने पोतणे एवढे काम गट करतो आणि त्याची मजुरी घेतो. जिथे असे झाले तिथल्या भिंती मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, त्या चांगल्या राहिल्या आहेत.

मुलांच्या वेतनाचा मुद्दाही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. सहभाग या नावाखाली शाळकरी मुलांकडून किंवा कलाविद्यार्थ्यांकडून फुकट भिंती भरून घेतल्या जातात. एक दिवस आनंदाने हात उमटवणे वेगळे आणि महिनाभर उन्हात शिडीवर उभे राहणे वेगळे. या दुसऱ्या कामाला मजुरी आहे.

कलमनामा

व्यवसायाने वकील आहे. वाद झाला तर काय, या प्रश्नापुरते लिहितो.

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ नुसार कृती विकली किंवा तिचे हक्क दुसऱ्याला दिले तरी कलाकाराकडे दोन अधिकार उरतात. ती कृती आपली आहे हे सांगण्याचा एक, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड किंवा विद्रूपीकरण रोखण्याचा दुसरा. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले कांस्य भित्तिशिल्प १९७९ साली उतरवले गेले आणि गोदामात त्याची हानी झाली. त्यांनी दाद मागितली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली अवशेष त्यांना परत देण्याचा आणि ५ लाख रुपये नुकसानभरपाईचा आदेश दिला. सार्वजनिक कलेच्या संदर्भात हा निकाल प्रत्येक कलाकाराला ठाऊक असावा.

मात्र त्याच कायद्यात कलम १७ आहे. मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्राचा पहिला स्वामित्वहक्क, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याकडे जातो, आणि शासनासाठी केलेल्या कृतीचा शासनाकडे. म्हणून वेगळा करार कराच. त्यात चार वाक्ये पुरतात. चित्राखाली कलाकाराचे आणि सहभागी गावकऱ्यांचे नाव राहील. चित्र पुसायचे किंवा बदलायचे झाल्यास कलाकाराला आणि गावाच्या समितीला अमुक दिवस आधी लेखी कळवले जाईल. चित्राची प्रतिमा व्यापारी वस्तूंवर छापायची असेल तर दोघांची संमती लागेल आणि मोबदल्याचा वाटा ठरेल. आणि भिंत पडली किंवा इमारत पाडावी लागली तर कोणावरही दावा राहणार नाही. हे शेवटचे वाक्य घातले की समोरचा पक्ष बाकीच्या तीन वाक्यांना सहज तयार होतो.

खाडीकाठ यांनी चेहऱ्यांचा विषय काढला आहे. ओळखू येईल अशा व्यक्तीचे चित्र काढताना तिची लेखी संमती घ्यावी आणि पुढे एखाद्या हॉटेलने ती भिंत जाहिरातीत वापरली तर काय, हेही त्याच कागदावर लिहावे. बायका आनंदाने होकार देतात, पण आपला चेहरा नंतर कुठे जाणार हे त्यांना आधी कळायला हवे.

वाशिष्ठीपार

नमस्कार. मी कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे, राहायला चिपळूणला. २२ जुलै २०२१ च्या महापुरात आमच्या गल्लीत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होते. वर्गातल्या आम्ही काही जणांनी मिळून बाजारपेठेतल्या एका भिंतीवर त्याविषयी चित्र करावे आणि पाण्याची पातळी दाखवावी असे मनात आहे. पाणी किती वर आले होते हे आता नवीन राहायला आलेल्यांना सांगूनही खरे वाटत नाही. अशा विषयाला हात कसा घालावा, हे कळत नाही.

जांभादगडी

वाशिष्ठीपार, विषय फार महत्त्वाचा आहे आणि तो तुमचा स्वतःचा आहे, त्यामुळे जरूर करा.

पातळीची खूण आणि चित्र या दोन वेगळ्या गोष्टी ठेवा. खूण रंगाने करू नका. काळ्या दगडाच्या पट्टीवर रेघ आणि तारीख कोरून ती नेमक्या उंचीवर भिंतीत बसवा, आणि ती उंची नगरपरिषदेकडून किंवा पाटबंधारे खात्याकडून तपासून घ्या, म्हणजे उद्या कोणी ती चूक आहे असे म्हणणार नाही. एकाच भिंतीवर मोठे चित्र करण्याऐवजी बाजारपेठेत जागोजागी अशा पट्ट्या बसवता आल्या तर चालणाऱ्या माणसाला पाण्याचा उतार कळेल, आणि त्यांचा उपयोग पुढच्या पावसाळ्यातही होईल.

चित्रासाठी मात्र आधी त्या घरांकडे जा जिथली माणसे त्या पुरात गेली. त्यांना नको असेल तर त्या भिंतीवर बुडालेली घरे काढू नका. मग दुकानदारांशी बोला, रात्रभर छपरावर बसलेल्यांशी बोला, चिखल उपसायला बाहेरगावांहून आलेल्यांची नावे विचारा. तुम्हाला काय काढायचे आहे ते या बोलण्यातून बदलेल, त्यासाठी वेळ राखून ठेवा. तुमच्या महाविद्यालयाने हे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून धरले तरी साहित्याचा आणि शिडी-परांचीचा खर्च वेगळा मागा, आणि परांचीवर चढणाऱ्या प्रत्येकाचा अपघात विमा काढून घ्या. कलमनामा यांनी लिहिलेली चार वाक्ये साध्या कागदावर उतरवून भिंतीच्या मालकाची सही घेतलीत तरी सुरुवातीला पुरे.

रेखाटन तयार झाले की इथे टाका. भिंत कोणत्या दिशेची आहे, जांभ्याची आहे की विटांची, आणि वळचण किती पुढे आली आहे तेही लिहा, म्हणजे लोखंड_आणि_मीठ यांना गिलाव्याबद्दल नेमके सांगता येईल.